या नावाचं इथे कुणी नाही

१ ऑगस्ट, बुधवार

वहीची क्षमा मागते. मागचं पान उघडलं तर त्यावर नाताळच्या स्वयंपाकाची गोष्ट आहे. म्हणजे तेव्हापासून मी हिच्याकडे पाठ करून बसले होते. लिहिण्यासारखं काही घडत नव्हतं असं नाही. पण लिहायला बसलं की मी स्वतःला इतकी खणते, की साध्या दिवसाचाही ढिगारा होतो. या खेपेला कामापुरतं लिहायचं ठरवलंय. किती पाळते बघू.

काम असं आहे. जुलैत आमच्या दवाखान्याची इंटरनेटची लिंक आठवड्याहून जास्त मेली होती. तेवढ्या काळात आलेली पत्रं दार वाजवून वाजवून शेवटी परत गेली. कुणाकुणाची, ते कळायला मार्ग नाही. आज डॉक्टर लाउलू माझ्या खोलीत आले आणि चक्क बसले. एरवी ते दारातूनच बोलतात.

"फुआतिनो, ऑकलंडच्या हृदयाच्या तुकडीचं पत्र या महिन्यात कधीही येईल. सिनापातीला ऑपरेशनसाठी जागा मिळेल असं त्यांनी जवळजवळ कबूल केलंय. पत्र आल्यावर उत्तराला चार दिवस देतात. नाही दिलं तर जागा पुढच्या मुलाला."

"खाजगी पत्त्यावर मागवता नाही येणार?"

"रुग्णाचा कागद दवाखान्याच्याच पत्त्यावर, हा त्यांचा नियम. बरोबरच आहे. तू पत्र चुकू देऊ नकोस, एवढंच."

सिनापाती म्हणजे माझ्या घरामागच्या सिएनी आजीची नात. अकरा वर्षांची. लहानपणी घशाचा ताप आला, तो हृदयात उतरला आणि तिथली एक झडप नासवून गेला. रस्त्यावरून शाळेच्या चढावर जाताना ती मध्येच दगडावर बसते आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगते, "मी दमले नाहीये, समुद्र बघतेय."

राखीव सर्व्हर हवा. आमचं दार बंद असलं तर पत्रं जिथे थांबतील असं दुसरं दार. दुसऱ्या बेटावर, आपियात.

४ ऑगस्ट, शनिवार

सकाळच्या बोटीने आपियाला गेले. पाणी खवळलेलं होतं, आणि मी सर्व्हरचं खोकं मांडीवर घेऊन बसले होते, तान्हं पोर धरावं तशी. मावसभाऊ इओसुआचं बाजाराजवळ इंटरनेटचं दुकान आहे. दुकान कसलं, अर्ध्या गावाचा कट्टा. कोकोचा मोठा टोप सतत तापत असतो.

"फुआ, हे खोकं खायला-प्यायला मागत नाही ना? मग राहू दे की कोपऱ्यात जन्मभर."

"वीज मागतं. आणि थोडं लक्ष."

"वीज आहे. लक्ष माझ्या बायकोलाही मिळत नाही."

बसवायला फार वेळ लागला नाही. आमच्या दवाखान्याच्या नावाने येईल ते घ्यायचं, धरून ठेवायचं, आणि आमच्या बेटावरचं, सावाईचं, दार उघडलं की तिकडे द्यायचं. दुसऱ्या कुणाच्या नावाचं टपाल इथून पुढे पाठवायचं नाही, हे मी पहिल्यांदा बंद केलं. नाहीतर जगातले भामटे परक्याच्या दारातून आपला माल हाकतात. तेवढं मला माहीत होतं.

प्रश्न उरला तो दवाखान्यात कोण कोण आहे याचा. यादी द्यायची, की त्या पत्त्यावर कुठल्याही नावाने आलेलं घ्यायचं?

"यादी? आपल्या लोकांची?" इओसुआ हसून हसून खोकायला लागला. "अगं, माझ्या बापाची नावं त्याच्या थडग्यावर मावली नाहीत. आज पोरगा, उद्या घराण्याचा प्रमुख, मताई, परवा आणखी मोठं पद. दर पदाला नवं नाव. कुठली यादी पुरणार? आणि मला सांग, दारात आलेल्याला आपण काय करतो? आधी आत घेतो. चटई टाकतो. मग विचारतो, बाबा कुणाकडे आलास. उलटं करणारा माणूस मी तरी बघितला नाही."

मला ते पटलं. खरोखर पटलं, की यादीचा कंटाळा होता म्हणून पटवून घेतलं, हे आता बोटीत लिहिताना सांगता येत नाही.

९ ऑगस्ट, गुरुवार

मुद्दाम आमची तार काढून ठेवली आणि इओसुआला पत्र पाठवायला सांगितलं. पत्र आपियात थांबलं. तार जोडली, पत्र आलं. त्यात लिहिलं होतं, "मी पोचलो, कोको कुठाय?" लाउलूंनी पाठ थोपटल्यासारखं टेबल थोपटलं. दिवसभर उगाच खूश होते.

१४ ऑगस्ट, मंगळवार

पूर आलाय. माणसांचा नाही, कचऱ्याचा. गोळ्या, लॉटऱ्या, घड्याळं, कुठल्याशा राजपुत्राचा वारसा. आमची लिंक चालू आहे, पुढचं दार उघडं आहे, तरी सगळे मागच्या दाराने येतायत. वाचलं तेव्हा उलगडा झाला. स्पॅम पाठवणारे मुद्दाम राखीव दारच शोधतात. तिथला पहारा ढिला असतो हे त्यांना अनुभवाने ठाऊक असतं. आणि नावं तरी कसली! आमच्या दवाखान्यात कधी नव्हते ते विल्यम आणि सुझन.

आपियाचं दार सगळ्यांना आत घेतं. मग ते ओझं इकडे येतं, इकडचा सर्व्हर म्हणतो, सुझन कोण? मग आपियाचं यंत्र सभ्यपणे पत्र परत करायला निघतं. पण पाठीवरचा पत्ता खोटा असतो. कुणा भलत्याच, निरपराध माणसाचा.

तसं एक माणूस आज भेटलं. होबार्टमध्ये फुलांचं दुकान चालवणाऱ्या एका बाईंचं पत्र. "तुम्ही माझी पत्रं मला परत करता आहात, पण ती मी लिहिलेलीच नाहीत. सकाळपासून शेकड्यांनी आली. त्यांच्याखाली माझ्या गिऱ्हाइकांच्या ऑर्डरी गाडल्या गेल्या. आज दोन अंत्यविधींची फुलं आहेत. कृपा करून थांबाल का?"

रागाने लिहिलं असतं तर मला बरं वाटलं असतं. आतिथ्य मी केलं आणि घाण त्या बाईंच्या अंगणात पडली.

१५ ऑगस्ट, बुधवार

व्हायचं ते झालं. आपियाचं यंत्र स्पॅम पाठवणाऱ्यांच्या काळ्या यादीत गेलं. आमची बाहेर जाणारी पत्रंही तिथूनच जातात, त्यामुळे लाउलूंनी ऑकलंडला पाठवलेला सिनापातीच्या हृदयाचा नवा अहवाल परत आला. 'तुमच्याकडून टपाल स्वीकारले जात नाही.' त्यांनी कागद माझ्यासमोर ठेवला.

इओसुआला फोन केला.

"खोकं बंद कर. आत्ता."

"पाहुण्यांना हाकलू म्हणतेस?"

"पाहुणे नाहीत ते, इओसुआ. चोर आहेत. आणि आपण चोरांना आत घेऊन वर त्यांचे जोडे शेजारणीच्या दारात नेऊन ठेवतोय."

कोकोच्या टोपावर झाकण ठेवल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "बरं. पण दार लावताना मला नको सांगूस. तू येऊन लाव. माझ्या हातून होत नाही."

होबार्टच्या बाईंना मी लांबलचक माफी लिहिली. ती पण काळ्या यादीमुळे परत आली.

१७ ऑगस्ट, शुक्रवार

आता यादीच. आत घेऊन मग विचारायचं नाही, उंबऱ्यावरच विचारायचं. नाव यादीत असेल तर ये, नसेल तर तिथल्या तिथे 'या नावाचं इथे कुणी नाही' असं तोंडावर सांगायचं. मग परत पाठवण्याचा प्रश्नच येत नाही आणि होबार्टला त्रास होत नाही. तोंडावर नाही म्हणणं हाच इथे सभ्यपणा आहे. हे मला शिकायला एक फुलवाली लागली.

आपियाला जाऊन एकेक नाव स्वतः टंकलं. नर्सा, औषधवाला, स्वयंपाकघर, कचेरी. 'पोस्टमास्तर' हेही, नियमच आहे म्हणून. डॉक्टरांपाशी आल्यावर अडले. जानेवारीत घराण्याने त्यांना मताई केलं तेव्हापासून ते लाउलू. त्याआधी सगळ्या बेटाला ते डॉक्टर पेनितितो म्हणून माहीत. सावाईच्या सर्व्हरवर मी दोन्ही नावं ठेवली आहेत, तिथे बघायला कोण येतं? पण इथली यादी इओसुआच्या दुकानातल्या पडद्यावर, आणि गल्ल्यावर बसते डॉक्टरांच्या बायकोची, फेतूआओची, भाची.

गेल्या आठवड्यातलाच प्रसंग. औषधांच्या रांगेतून एका म्हाताऱ्या कोळ्याने हाक मारली, "ए पेनितितो, माझा गुडघा बघ रे!" फेतूआओ रांगेजवळच उभी होती. आवाज न चढवता म्हणाली, "या नावाचं इथे कुणी नाही, काका." म्हातारा इतका शरमला की गुडघा तसाच घेऊन गेला.

तिला दोष देत नाही. ते पद मिळायला त्या घराने बारा गावचे अपमान गिळलेत. म्हणून मी यादीत फक्त लाउलू लिहिलं. नवा माणूस, नवं नाव. भाचीने मागून वाकून पाहिलं आणि मान हलवली. मला बरं वाटलं. अशा बारीक गोष्टींत माझं चुकत नाही.

१९ ऑगस्ट, रविवार

काळ्या यादीतून सुटलो. पूर ओसरला. काल दिवसभरात मागच्या दाराशी कचरा आला तो उंबऱ्यावरूनच परतला. अहवाल ऑकलंडला पोचल्याची पोचही आली. होबार्टलाही माफी गेली. बाईंनी उत्तरात फक्त एक ट्यूलिपचा फोटो पाठवलाय.

चर्चनंतर सिएनी आजीकडे जेवायला. नीरफणस, मासा, नारळाच्या दुधात शिजवलेली अळूची पानं. सिनापाती माझ्या ताटातल्या माशाचा डोळा मागते, तो तिला दिला.

"ऑकलंडला डोळे खायला देतात का?" तिने विचारलं.

"तिथे मासे डोकं कापूनच बाजारात येतात," मी म्हटलं.

"मग त्यांना कसं कळतं मासा ताजा आहे ते?"

आजी म्हणाली, "म्हणून तर तिथे जाऊन फक्त हृदय दुरुस्त करून यायचं. जेवायला घरी."

हसता हसता सिनापातीला धाप लागली. कुणीच तिच्याकडे पाहिलं नाही. सगळे समुद्राकडे बघत बसले. या घरात तेच सौजन्य आहे.

२४ ऑगस्ट, शुक्रवार

दुपारी टेकडीवरच्या मनोऱ्याचा जनरेटर बसला. लिंक गेली, फोनही गेले. पण मी शांत होते. वर्षानुवर्षांत पहिल्यांदा लिंक गेली आणि मी शांत होते. आपियाचं दार जागं आहे.

२६ ऑगस्ट, रविवार

जनरेटरचा भाग काल संध्याकाळच्या बोटीने आला, पण तोवर संध्याकाळच्या प्रार्थनेचा शंख झाला होता, म्हणजे कामं बंद, आणि आज रविवार. रविवारी टेकडीवर पाना घेऊन कोण चढणार? मीही सांगितलं नसतं. आपियात पत्रं सुखरूप बसलेली असतील, कोको पीत.

२७ ऑगस्ट, सोमवार

सकाळीच लिंक आली आणि आपियाहून पत्रं रांगेने आली. एक हरवलं नाही. औषधांच्या ऑर्डरी, बिशपचं परिपत्रक, स्वयंपाकघराच्या सालोमेला तिच्या ब्रिस्बेनच्या मुलाचं. मी प्रत्येकाला स्वतः जाऊन सांगत होते, जणू मीच पोस्टमन.

"ऑकलंड?" लाउलूंनी विचारलं.

"अजून नाही. आलं असतं तर इथे असतं." हे मी फार ठामपणे म्हटलं.

२९ ऑगस्ट, बुधवार

हे लिहायचं टाळणार होते.

आज लाउलूंनी वाट न पाहता ऑकलंडला फोन लावला. मला बोलावलं, स्पीकर चालू ठेवला. तिकडे मिस बर्चल, मुलांच्या जागा ठरवणाऱ्या बाई.

"डॉक्टर पेनितितो? अहो, तुम्ही तिथेच आहात?"

"मी कुठे जाणार?"

"मी शुक्रवारी पत्र पाठवलं. लगेच परत आलं. या नावाचं इथे कुणी नाही. सोमवारी पहाटे इथल्या कचेरीत आल्याआल्या पुन्हा पाठवलं. तेच उत्तर. फोन लागत नव्हता. मला वाटलं, तुम्ही बदली होऊन गेलात, आणि मागे त्या मुलीकडे बघायला कुणी नाही."

"आणि जागा?"

"सोमवारी दिली. टोकेलाऊ बेटांवरच्या एका मुलाला. त्याला बोटीने आपियाला यायचं होतं, एक दिवस उशीर झाला असता तर बोट निघून गेली असती." मग त्या अगदी हळू म्हणाल्या, "थांबा असं म्हटलं असतं तर मी मंगळवारपर्यंत थांबले असते, डॉक्टर. पण तुमच्या यंत्राने थांबा म्हटलंच नाही. नाही म्हटलं."

लाउलूंनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मी तुमचं जुनं नाव यादीत घातलं नव्हतं."

"का?"

"आदराने."

ते हसले की काय कळलं नाही. तसाच आवाज आला.

मी खोलीत येऊन नोंद पाहिली. आहेच. शुक्रवारी एकदा, सोमवारी एकदा. यंत्राने मी शिकवलं तसं, तोंडावर, सभ्यपणे सांगितलं.

आणि एक गोष्ट, जी मी अजून कुणाला सांगितलेली नाही. राखीव सर्व्हर नसताच, तर ऑकलंडच्या यंत्राने आमचं बंद दार वाजवून पाहिलं असतं, थोडं थांबून पुन्हा वाजवलं असतं. यंत्रं तशी चार-पाच दिवस चिकाटी धरतात. सोमवारी सकाळी लिंक आल्याबरोबर पत्र आत आलं असतं. मी काहीच केलं नसतं तर पत्र पोचलं असतं.

३० ऑगस्ट, गुरुवार

लाउलूंना तेही सांगितलं. न सांगता झोप येत नव्हती, आणि सांगून त्यांचं काय भलं होणार होतं हेही कळत नाही. स्वतःचं ओझं उतरवायला मी त्यांच्या खांद्याचा वापर केला असं वाटतं.

ते म्हणाले, "जुलैत काही केलं नव्हतंस, तेव्हाची पत्रं आली का?"

"नाही."

"मग झालं. बस, आणि नावं लिहून घे."

मी पेन काढलं.

"पेनितितो. हे तर आहेच. शाळेत तितो. ऑकलंडला शिकताना त्यांना एवढं लांब झेपायचं नाही, म्हणून पेनी. काही जुने मित्र अजून तसंच लिहितात. आणि एक कागद असा निघेल ज्यावर फक्त बापाचं नाव आहे, सिलिगा. तेही घाल."

फेतूआओ डबा घेऊन आली होती, दारात थांबून ऐकत होती. मी पेन खाली ठेवलं. मला वाटलं, आता ती म्हणणार. ती म्हणाली, "आणि लोआ. त्यांची आई त्यांना लोआ म्हणायची."

"त्या नावाने पत्र कोण पाठवणार गं? ती गेली," लाउलू म्हणाले.

"असू दे. पाठवलंच कुणी तर दाराबाहेर नको राहायला."

एवढं बोलून तिने डबा ठेवला आणि मला विचारलं, "तू जेवलीस का?" मला तिच्याबद्दल जे वाटत होतं त्यातलं निम्मं मी स्वतःच तयार केलेलं होतं.

मग इओसुआला फोन लावून काय बदलायचं ते सांगत गेले, तो टंकत गेला. यादी आता मी हाताने लिहिणार नाही; सावाईच्या सर्व्हरवर जी नावं आहेत तीच सगळी आपोआप तिकडे जातील, जुनी, नवी, कुणाला आवडोत न आवडोत. आणि सावाईचं दार बंद असताना अनोळखी नाव आलं, तर 'नाही' म्हणायचं नाही. 'नंतर या' म्हणायचं. खरा माणूस थांबून पुन्हा येतो. चोराला बहुधा तेवढा धीर नसतो.

"नंतर या!" इओसुआ म्हणाला. "हे आधी का नाही सुचलं तुला? सरकारी कचेरीत आपण जन्मभर तेच ऐकतोय."

"अरे, चेष्टा नको."

"चेष्टा नाही करत, फुआ. रडू नकोस. इथे गिऱ्हाईक बघतायत, त्यांना वाटेल मी तुला उधारी मागतोय."

संध्याकाळी मिस बर्चलचा फोन. टोकेलाऊच्या मुलाचं विमान शनिवारी. बसण्याआधी मुलाचा ताप बघतात. ताप निघाला तर त्याला नेत नाहीत, आणि मग राखीव मूल जातं. नाहीतर पुढची खेप नोव्हेंबरात. सिनापातीचा पासपोर्ट तयार आहे, विमानतळ बोटीच्या धक्क्यापासून लांब नाही. "आशा ठेवा असं सांगत नाही," त्या म्हणाल्या. "पण पिशवी भरून या."

सिएनी आजीला मी सांगायला गेले. पूर्ण सांगितलं, नावासकट. ती चटई विणत होती, ती विणतच राहिली. शेवटी म्हणाली, "म्हणजे आता ते दुसरं लेकरू आजारी पडायला हवं."

"तसं नाही, आजी."

"तसंच आहे. असू दे. पिशवी भरते."

१ सप्टेंबर, शनिवार

पहिल्या बोटीने गेलो. सिनापाती, आजी, लाउलू आणि मी. ऑकलंडच्या थंडीसाठी इओसुआच्या बायकोने धक्क्यावर एक लाल स्वेटर आणून दिला. सिनापातीने तो तिथल्या तिथे घातला आणि घामाने निथळत बसली, पण काढेना.

टोकेलाऊचा तो मुलगा विमानतळावर आधीच आलेला होता. नऊ-दहा वर्षांचा, आईच्या मांडीवर डोकं ठेवून. बोटीच्या प्रवासाने दोघंही पिवळी पडली होती. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर बसले. दुसरी रिकामी नव्हती. त्याचे डोळे मला तांबडे वाटले. गाल तापल्यासारखे वाटले. मी सारखी बघत होते. त्याच्या आईला वाटलं, मला माया वाटतेय. ती माझ्याकडे बघून हसली आणि मला बिस्किट दिलं. मी ते खाल्लं.

परिचारिकेने त्याच्या कानात तापमापक धरलं तेव्हा मी श्वास रोखला. कशासाठी रोखला ते इथे लिहिते, कारण दुसरीकडे कुठे लिहिता येणार नाही. ताप असू दे म्हणून.

"छत्तीस पॉइंट आठ. छान," परिचारिका म्हणाली. "अगदी छान."

सिनापातीने आधी आजीकडे पाहिलं, मग स्वतःच्या स्वेटरकडे. आजी उठली. तिने खाली वाकून स्वेटरच्या बाह्या पकडल्या.

"हात वर."

"हा माझा आहे!"

"आहे. हात वर."

"आजी, तो मला दिलाय! मी नोव्हेंबरात जाणार ना? तेव्हा मी काय घालू?"

"तेव्हा दुसरा. त्याच्याकडे नुसता शर्ट आहे, डोळे फुटलेत का तुझे?"

स्वेटर त्या मुलाला गुडघ्यापर्यंत आला. त्याच्या आईने बाह्या दुमडल्या. सिनापाती रागाने तोंड फिरवून बसली आणि विमान दिसेनासं होईपर्यंत म्हणत राहिली, "बघत नाहीये मी, बघत नाहीये."

परतीच्या बोटीवर लाउलूंना मिस बर्चलचा फोन आला. नोव्हेंबरच्या खेपेत पहिलं नाव सिनापातीचं. लेखी कळवते म्हणाल्या. "कुठल्या नावाने पाठवू, डॉक्टर? या वेळी नीट विचारून घेते."

लाउलूंनी फोन माझ्याकडे दिला.

"कुठल्याही," मी म्हटलं. "पोचेल."

नोव्हेंबरपर्यंत ती नीट राहील का, हे मी लाउलूंना विचारलं. दर महिन्याचं इंजेक्शन चुकवायचं नाही, चढ चढायचा नाही, घसा दुखला की त्याच दिवशी यायचं. "राहायला हवी," ते म्हणाले. राहील म्हणाले नाहीत.

२ सप्टेंबर, रविवार

चर्चमध्ये मला कुणी काही बोललं नाही. बोलायला हवं होतं असं वाटत राहिलं, मग वाटलं, ही पण एक हौसच आहे, शिक्षा करून घेण्याची.

दुपारी मिस बर्चलचं पत्र आलं, पेनितितोच्या नावाने. लिंक चालू होती, पुढच्या दारानेच आलं. छापून सिएनी आजीला नेऊन दिलं. तिने ते बायबलमध्ये ठेवलं नाही. भिंतीला खिळ्याने ठोकलं, पासपोर्टच्या शेजारी, सिनापातीच्या हाताला लागणार नाही इतकं वर.

संध्याकाळी शंख झाला तेव्हा मी अजून त्यांच्याकडेच होते, म्हणून प्रार्थनेला तिथेच बसले. सिनापाती माझ्या पाठीला पाठ लावून बसली होती. तिचा श्वास मला माझ्या बरगड्यांत लागत होता. आजी डोळे मिटून एकेकासाठी मागत गेली. डॉक्टरांसाठी, त्यांच्या सगळ्या नावांनी. आपियाच्या इओसुआसाठी. माझ्यासाठी. मग म्हणाली, "आणि प्रभू, उद्या ज्याची छाती उघडणार आहेत, त्या लेकरासाठी," आणि थांबली. एक डोळा उघडून माझ्याकडे पाहिलं.

"त्याचं नाव काय गं?"

मला ठाऊक नव्हतं. त्याच्या शेजारी बसले होते, त्याच्या आईचं बिस्किट खाल्लं होतं, त्याच्या अंगातला ताप दशांशापर्यंत ऐकून घेतला होता.

"विचारलं नाही, आजी."

"मीही नाही विचारलं," सिनापाती मागून म्हणाली. "मी रागावले होते."

"देवाला माहीत असेल," आजी म्हणाली. "पण मला म्हणता आलं पाहिजे ना." आणि डोळा मिटून पुढे गेली.

उद्याचं काम: सकाळी पहिल्यांदा ऑकलंडला फोन लावून त्या मुलाचं नाव विचारणे.